‘मायना’ म्हणजे पत्राची सुरुवात की सगळा मजकूर?

चर्चाप्रस्ताव

लग्नपत्रिका छापायला टाकताना ‘मायना आणला आहे का?’ असे विचारतात आणि त्यांना निमंत्रणाचा सगळा मजकूर हवा असतो. पाटीचा, नोटिशीचा, जाहिरातीचाही मायना आता सर्रास लिहिला जातो. हा वापर मला चुकीचा वाटतो. ‘तीर्थरूप बाबांस, साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ एवढा भाग म्हणजे मायना. त्यापुढचा तो मजकूर. शिवाय ज्याला लिहायचे त्याचा मान राखणे हेच मायन्याचे काम असल्यामुळे हा शब्द ‘मान’वरूनच आला असावा, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १ : असहमत

‘मान’वरून सांगितलेली व्युत्पत्ती ऐकायला गोड असली तरी टिकणारी नाही. ‘मान’पासून मानणे, मानकरी, मानपान हे शब्द सरळ निघतात, ‘न’च्या आधी ‘य’ कुठून आला, याचा उलगडा त्यातून होत नाही. ‘मायना’ हा अरबी ‘मअना’ आहे, म्हणजे अर्थ किंवा आशय, आणि तो फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. अरबीतला कंठातून उच्चारायचा ‘ऐन’ मराठीत नाही, म्हणून त्याच्या जागी कधी ‘य’ येतो. ‘कायदा’ या शब्दातही नेमके हेच घडले आहे. हिंदीतले ‘मायने’ याच मुळाचे. तेव्हा पत्रिकेचा मायना मागणारा छापखानेवाला मूळ अर्थाच्या जवळ आहे, आणि शाळेत शिकवला जातो तो अर्थ नंतर आकुंचन पावलेला आहे.

प्रतिसाद २ : व्युत्पत्ती मान्य, निष्कर्ष अमान्य

मूळ अर्थ हाच खरा अर्थ मानायचा, तर ‘मजकूर’ शब्दही सोडावा लागेल. त्याचा मूळ अर्थ ‘उल्लेखिलेला’ असा आहे आणि जुन्या कागदांत ‘मौजे मजकूर’ म्हणजे वर सांगितलेले गाव. आज त्या अर्थाचा आग्रह कोणी धरत नाही.

‘आशय’ हा अर्थ पत्राच्या आरंभापुरता का उरला, याचे कारण मला दफ्तरी व्यवहारात दिसते. कोण कोणाला कोणत्या अधिकाराने लिहितो, हे पहिल्या ओळीतच ठरत असे. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापूर्वीच्या आज्ञापत्रांत ‘अज रख्तखाने’ असा फारसी आरंभ सापडतो, तर १६७४ नंतर ‘स्वस्ति श्री राज्याभिषेक शके’ आणि ‘क्षत्रियकुलावतंस श्री राजा शिवछत्रपति’ असा आरंभ येतो. खालचे काम तेच, महसुलाचे किंवा वतनाचे. पण वरच्या ओळीने सिंहासन स्थापन झाल्याचे प्रत्येक कारकुनाला आणि देशमुखाला कळत होते. एवढे वजन ज्या ओळीला आहे, तिच्यासाठी स्वतंत्र शब्द राखून ठेवलाच पाहिजे.

प्रतिसाद ३

मायना कुठे संपतो, हेही जुन्या पत्रांतून दिसते. पेशवेकालीन पत्रांत ‘विनंती उपरी येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे’ असे लिहून झाल्यावर ‘विशेष’ हा शब्द सुटा येतो आणि मग कामाचे बोलणे सुरू होते. आपल्या ‘सा. न. वि. वि.’मधला शेवटचा ‘वि.’ मला तरी तोच वाटतो. तो विनंतीला खास ठरवणारा नसून औपचारिक भाग संपल्याची खूण आहे. त्यामुळे मायना आणि मजकूर यांच्यातली सीमा शाळामास्तरांनी आखलेली नाही, ती चिटणिशी लेखणीने आखलेली आहे.

प्रतिसाद १ लिहिणाऱ्याचे उत्तर

ही सीमा मला मान्य आहे, आणि नोटिशीच्या बाबतीत मीही ‘मजकूर’च म्हणेन. लग्नपत्रिकेचे मात्र तसे नाही. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’पासून आग्रहाच्या निमंत्रणापर्यंतचा सगळा साचा ठरलेला असतो; बदलतात ती नावे, तिथी आणि कार्यालयाचा पत्ता. ज्या कागदावर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत रूढ उपचारच आहे, त्या संपूर्ण कागदाला ‘मायना’ म्हणणे तुमच्या मर्यादित अर्थानेही बरोबर ठरते.