तिसरं अपत्य झालं म्हणून सरपंचकी नाही: हा नियम ठेवायचा की काढायचा?

कोरडवाहू:
आमच्या ग्रामपंचायतीच्या मागच्या निवडणुकीत छाननीला एका बाईंचा अर्ज बाद झाला. सात वर्षं बचत गट चालवलेला, पाण्याच्या टाकीसाठी पंचायत समितीत खेटे घालून काम मंजूर करून आणलेलं. पदरात आधी दोन मुली, मग मुलगा. हरकत घेतली ती पाच लेकरांच्या बापाने. त्याची पाचही 2001 च्या आधीची, म्हणून त्याचा अर्ज वैध. कायद्याने दोन्ही निर्णय बरोबर होते, आणि माझं भांडण त्या कायद्याशीच आहे.

महाराष्ट्रात 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य झालं की ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका, कुठेच उभं राहता येत नाही. निवडून आल्यावर झालं तर पद जातं. 2005 पासून राज्य सरकारच्या नोकरीलाही लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र लागतं. आमदार-खासदाराला मात्र ही अट नाही.

आता मला सांगा, मुलं किती हे घरात सून ठरवते का? सासू ठरवते, नवरा ठरवतो, कधी कधी भावकीसुद्धा बोलून दाखवते. अपात्र होते ती सून. एकीकडे निम्म्या जागा महिलांना राखीव ठेवायच्या आणि दुसरीकडे ऐन उमेदीतल्या बायकांना दारातूनच परत पाठवायचं. 2001 च्या आधी ज्यांचं घर भरलं त्या वडीलधाऱ्यांना काहीच झळ नाही. हा नियम काढला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

निवृत्त ग्रामसेवक:
दादा, त्या बाईंबद्दल वाईट वाटलं. तरीही नियम काढू नये. मी नऊ भावंडांतला. त्यातली सहा जगली. आईला मी कधी पोटभर जेवताना पाहिलं नाही, आणि हे मी कुणाची सहानुभूती मिळवायला सांगत नाही. जो गावाचा पुढारी होतो त्याने आधी आपल्या घरात शिस्त दाखवावी, एवढंच नियम म्हणतो. कुणाला तुरुंगात टाकत नाही, कुणाचं रेशन बंद करत नाही. 2003 मध्ये हरियाणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही ही अट वैध ठरवली. पंचायतीची निवडणूक लढवणं हा मूलभूत हक्क नाही, असं सांगितलं.

आमदारांचं म्हणाल तर त्यांची अपात्रता राज्याच्या हातात नाही, त्यासाठी संसदेचा कायदा लागतो. त्यांनाही दोन मुलांची अट घालणारं घटनादुरुस्ती विधेयक 1992 मध्ये राज्यसभेत आलं होतं, ते कधी मंजूरच झालं नाही. तुमचं म्हणणं असेल की वरच्यांनाही लावा, तर मी तुमच्यासोबत आहे. खालच्यांचं काढा, हे पटत नाही. राज्याचा प्रजनन दर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तीनच्या जवळ होता, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत तो 1.7 आला. हे आपोआप झालं का?

आकडेमोड:
आपोआप नाही झालं, पण नियमानेही नाही. केरळ नव्वदच्या दशकातच दोनच्या खाली गेला, तिथे पंचायतीला अशी अट नव्हती. मुली शिकल्या, लग्नाचं वय वाढलं, जन्मलेलं बाळ जगेल याची खात्री आली. एवढं झालं की लोक स्वतःच थांबतात.

पाळी संपलेली सिस्टर:
उपकेंद्रात बावीस वर्षं काढली, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

नियम लिहिताना डोळ्यांसमोर "दोन मुलं" असतात. घरात हिशेब "दोनात एक मुलगा" असा होतो. पहिली मुलगी झालेली बाई दुसऱ्यांदा दिवस गेल्यावर नोंदणीला उशिरा येते, कधी येतच नाही, मग एक दिवस रिकामी होऊन येते आणि "पडलं" म्हणून सांगते. आम्हाला कळायचं. विचारलं की ती खाली बघायची. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या मुलींचं प्रमाण 2001 च्या जनगणनेत हजार मुलांमागे 913 होतं, 2011 ला 894 झालं. बीडमध्ये 807. हे सगळं एका नियमाने केलं, असं मी म्हणणार नाही. सोनोग्राफीचं यंत्र, हुंडा, शेतीची वाटणी, म्हातारपणाची काळजी, बरंच काही त्यात आहे. पण मुलगा हवाच, असं म्हणणाऱ्या घरात सरकारने वरून आकडा नेऊन ठेवला की कात्री कुणावर चालते ते मी पाहिलंय.

दुसरं, शिस्त शिस्त म्हणता, ग्रामसेवकसाहेब, ती शिस्त कुणाच्या अंगावर लिहिली जाते? पाचव्या सर्वेक्षणात देशातल्या 37.9 टक्के विवाहित स्त्रियांचं ऑपरेशन झालेलं दिसतं. पुरुष नसबंदी 0.3 टक्के. पुरुषाचं ऑपरेशन सोपं, टाका न घालता होतं, बायकोच्या तुलनेत धोका कमी. तरी "त्यांना कष्टाचं काम असतं" म्हणून बायकोच टेबलावर चढते. ओल्या बाळंतिणीला काय कष्टाचं काम नसतं?

पुरुष का मागे सरले त्याचंही कारण सरकारी सक्तीच आहे. आणीबाणीत 1976-77 या एका वर्षात ऐंशी लाखांहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या, बहुतेक पुरुषांच्या. शिक्षकांना, तलाठ्यांना कोटा ठरवून दिलेला. आपल्या राज्याच्या विधिमंडळाने तर तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. त्या धास्तीनंतर पुरुष नसबंदी जी मागे पडली ती पडलीच.

दोन लेकींची आई:
सिस्टर, तुमचा शब्द न् शब्द खरा. तरी मी ग्रामसेवक काकांच्या बाजूने आहे, आणि का ते माझ्याच घरातलं सांगते.

मला दोन मुली. धाकटी झाल्यावर दवाखान्यातच सासूबाईंनी तोंड फिरवलं. घरी आल्यापासून एकच, "अजून एक बघू." नवस बोलून झाले, दोरे बांधून झाले. मी तांबी बसवली तर ती काढून ये म्हणाले. ह्यांना सदस्य व्हायचं होतं, प्रभागात वजन होतं. एके रात्री मीच म्हटलं, तिसरं झालं तर अर्ज भरता येणार नाही. ते गप्प झाले. सकाळी सासूबाईंना त्यांनीच सांगितलं, "आता विषय बंद." माझं म्हणणं चार वर्षं कुणी ऐकलं नव्हतं, कायद्याचं एका रात्रीत ऐकलं. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण झालं ते असं. तो नियम नसता तर माझं काय झालं असतं, मला माहीत आहे.

कोरडवाहू:
ताई, तुमच्यासारखा अनुभव मी याआधी ऐकला नव्हता, तो मी बाजूला सारणार नाही. तुमचे यजमान बायकोला जपून थांबले नाहीत, पदासाठी थांबले, आणि तुमचा जीव वाचला. पण पदासाठी माणूस दुसरंही काही करतो. माजी सनदी अधिकारी निर्मला बुच यांनी पाच राज्यांत या अटीचा अभ्यास केला होता. पद वाचवायला बायकोला टाकून देणं, मूल आपलं नाहीच म्हणणं, मूल दत्तक दिल्याचं दाखवणं, गर्भपात, हे सगळं त्यात नोंदलेलं आहे. ओडिशातल्या एका सरपंचाचं प्रकरण 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलं. मूल दत्तक दिलं तरी जन्म मोजला जातो, असा निकाल लागला. कायद्याला धरून असेलही. पण खुर्चीसाठी पोटचं मूल घराबाहेर गेल्याचा युक्तिवाद न्यायालयात करावा लागतो, इथपर्यंत गोष्ट पोचते, याचं काय?

निवृत्त ग्रामसेवक:
लबाडी करणारा कुठल्याही कायद्यात लबाडी करतो. त्यासाठी कायदा काढत नाहीत.

आकडेमोड:
लबाडी हा शब्द पुरेसा नाही, काका. चीनने 1980 पासून एकच मूल, अशी सक्ती केली. त्याआधीच, सत्तरच्या दशकात, तिथला दर सहाच्या आसपासवरून तीनच्या खाली आला होता. मग गावाकडे मुलाचा हट्ट सुटेना म्हणून 1984 पासून पहिली मुलगी असेल तर दुसरं चालेल, अशी सूट दिली. म्हणजे मुलगी अर्धीच, हे सरकारनेच मान्य केलं. नियमाबाहेर जन्मलेल्या लाखो मुलांची नोंद झाली नाही, त्यांना शाळा नाही, दवाखाना नाही. 2016 ला दोन, 2021 ला तीन मुलांची परवानगी दिली, तरी 2022 मध्ये लोकसंख्या घटली. बंद करायला लावलेलं दार लोक सांगून उघडत नाहीत.

निवृत्त ग्रामसेवक:
चीनशी आपली तुलना नको. आपल्याकडे दंड नाही, सक्तीचा गर्भपात नाही, फक्त उमेदवारीला अट आहे. मात्र एक मान्य करतो. 2001 ची तारीख आजच्या तरुण बायकांवर अन्याय करते, आणि नवऱ्याच्या हट्टाचं ओझं तिच्या अर्जावर येतं. अट ठेवावी, पण बाईला लावू नये. फक्त पुरुष उमेदवाराला लावावी.

दोन लेकींची आई:
काका, हे मला पटलं. माझ्या घरी ते पुरेसं झालं असतं.

पाळी संपलेली सिस्टर:
मला नाही पटलं. नवऱ्याची उमेदवारी वाचवायलाही तपासणी बायकोचीच होणार.

आणि आंध्र प्रदेशाचं बघा. 1994 ला दोनची अट घातली, 2024 ला काढून टाकली, कारण आता जन्म कमी पडताहेत. जास्त मुलं जन्माला घाला, असं मुख्यमंत्रीच म्हणाले. तीस वर्षांपूर्वी थांबायला सांगितलं ते बाईला न विचारता, आता वाढवा म्हणतात तेही तिला न विचारता. उद्या आपल्याकडे तसं झालं तर ताई, तुमच्या सासूबाईंच्या "अजून एक बघू"ला सरकारचीच साथ मिळेल. त्या दिवशी तुमच्या धाकटीने कुणाच्या नियमाचा आधार घ्यायचा?