वीर्याचे प्रमाण कमी असण्याची कारणे

हस्तमैथुनाच्या सवयीने वीर्य कायमचे घटते, असे काही जण म्हणतात; ते मत मला मान्य नाही. वारंवार स्खलनाने होणारी घट काही दिवसांत भरून निघते, म्हणूनच वीर्यतपासणीपूर्वी २ ते ७ दिवस संयम पाळायला सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत एका स्खलनातील वीर्याची किमान मर्यादा १.४ मिलिलिटर दिली आहे. नमुन्याचे पहिले थेंब डबीबाहेर सांडले असतील, तर प्रयोगशाळेत तसे आवर्जून सांगावे.

जुना मधुमेह असलेल्यांत किंवा प्रोस्टेटची (मूत्राशयाखालच्या ग्रंथीची) शस्त्रक्रिया झालेल्यांत स्खलनाच्या वेळी मूत्राशयाचे तोंड नीट मिटत नाही आणि वीर्य उलट आत जाते; अशा वेळी स्खलनानंतरच्या लघवीत शुक्राणू सापडतात. प्रोस्टेटच्या त्रासावर दिल्या जाणाऱ्या टॅम्सुलोसिन या औषधानेही वीर्य घटते, पण ती गोळी कृपया स्वतःहून बंद करू नये. वीर्य आम्लधर्मी असून त्यात फ्रुक्टोज (एक प्रकारची साखर) नसेल, तर वीर्य बाहेर येण्याच्या मार्गातील अडथळा तपासावा लागतो, कारण वीर्याचा मोठा भाग, आणि हे फ्रुक्टोजही, वीर्यकोशांतून (प्रोस्टेटमागच्या ग्रंथींतून) येते.