पायलट संघटनेच्या करारात आधी काय मागावे?

प्रश्न (ओझर, नाशिक)
मी मुंबई बेसवर फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) आहे. कुटुंब नाशिकला असल्याने सुट्टी मिळाली की कसारा घाट चढून घरी येतो. नव्या करारासाठी आमच्या संघटनेने सभासदांकडून मागण्यांचा प्राधान्यक्रम मागवला आहे. प्रशिक्षणाच्या कर्जाचे हप्ते चालू असल्याने मला पगारवाढ सर्वांत वर लिहावीशी वाटते, परंतु वरिष्ठ सहकारी विश्रांतीच्या अटींवर ठाम आहेत. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ (निवृत्त कॅप्टन, गंगापूर रोड)
वरिष्ठांचे म्हणणे योग्य आहे. डीजीसीएने (नागरी विमान वाहतुकीची नियामक संस्था) जानेवारी २०२४ मध्ये वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली आणि रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आणली. तरी हे नियम पूर्णपणे लागू व्हायला नोव्हेंबर २०२५ उजाडले, आणि पुढच्याच महिन्यात इंडिगोची उड्डाणे मोठ्या संख्येने रद्द होऊ लागताच, साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरता येणार नाही ही तरतूद ५ डिसेंबरला मागे घेण्यात आली. नियमाने दिलेले असे एका पत्राने जात असेल, तर तेच कलम कंपनीच्या सहीनिशी करारात असलेच पाहिजे. रात्रीची लागोपाठ उड्डाणे करून पहाटे उतरताना शरीर काय सांगते, हे आपण जाणताच.

प्रतिसाद २ (फर्स्ट ऑफिसर, इंदिरानगर)
कॅप्टनसाहेबांचा मुद्दा मान्य आहे, पण हप्ता कोणासाठी थांबत नाही. तरीही वाढीच्या टक्क्यापेक्षा हमी तास (उड्डाणे कमी झाली तरी महिन्याला ज्यांचा पगार नक्की मिळतो ते तास) पाहावेत, असे मी आग्रहाने सांगेन. २०२४ मध्ये एअर इंडियातील विलीनीकरणापूर्वी विस्तारा या विमान कंपनीच्या नव्या वेतनरचनेत हे तास ७० वरून ४० वर आणले गेले आणि वैमानिकांचा रोष उसळला, कारण रोस्टरमध्ये (ड्युटीच्या वेळापत्रकात) उड्डाणे कमी आली की हातात पडणारी रक्कम थेट घटते. दर वाढवून तास कापले, तर पगारवाढ कागदावरच राहते.

प्रतिसाद ३ (पाथर्डी फाटा)
आपण नाशिकहून ये-जा करता, म्हणून स्टँडबायचे (बोलावणे आल्यास ड्युटीसाठी तयार राहण्याचे) कलम बारकाईने वाचावे. बोलावल्यापासून किती वेळात विमानतळावर हजर व्हायचे, हे त्यात स्पष्ट हवे. घाटात ट्रक बंद पडला की वाहतूक तासन्तास खोळंबते आणि तिथून कोणतेही रिपोर्टिंग गाठता येत नाही. त्यामुळे स्टँडबायच्या दिवशी मुंबईतच राहावे लागणार हे गृहीत धरून त्या मुक्कामाचा खर्च कंपनीकडे मागावा. रोस्टर प्रसिद्ध झाल्यावर वैमानिकाच्या संमतीविना बदल करायचा झाल्यास भरपाई मिळावी, हेही लिहून घ्यावे.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. विश्रांती व रजा वेगळी ठेवण्याची मागणी पहिली, हमी तास दुसरे आणि स्टँडबाय तिसरे, असा क्रम उद्या संघटनेला कळवतो.