मार्क हॉलिसचा १९९८ चा अल्बम आणि दोन माइकचं रेकॉर्डिंग

खर्जातला:
टॉक टॉक हा ब्रिटिश बँड म्हटलं की बहुतेकांना १९८४ चं ‘इट्स माय लाइफ’ आठवतं. १९९१ च्या ‘लाफिंग स्टॉक’नंतर बँड संपला आणि गायक मार्क हॉलिसने १९९८ मध्ये स्वतःच्या नावाने एक अल्बम काढला. त्यानंतरचं त्याचं काही आहे का? आणि हा अल्बम दोन माइकवर केला म्हणतात, तर तशा पद्धतीने पेटी, तबला आणि गायिका रेकॉर्ड करायला मांडणी कशी ठेवावी? खोली १४ बाय ११ फूट, खाली लादी. कार्डिऑइड (मुख्यतः समोरचाच आवाज घेणाऱ्या) कंडेन्सर माइकची जोडी आणि माइक संगणकाला जोडणारा दोन इनपुटचा इंटरफेस आहे. सगळे खाली बसून वाजवणार.

मंद्रसप्तक:
आधी पहिल्या प्रश्नाचं. एकट्याच्या नावावर तेवढाच अल्बम, आठ गाणी. बाकीचं शोधून काढावं लागतं. १९९८ मध्येच फिल ब्राउन आणि डेव्ह ॲलिन्सन यांच्या ‘एव्ही १’ या अल्बमवर जॉन कोप या टोपणनावाने पियानो. अंकल (UNKLE) या ब्रिटिश बँडच्या ‘केऑस’ या गाण्यातला पियानोही त्याचाच, पण श्रेयनामावलीत नाव नाही. २००१ मध्ये नॉर्वेची गायिका आन्या गार्बारेकच्या ‘स्माइलिंग अँड वेव्हिंग’वर थोडं काम. २०१२ मध्ये ‘बॉस’ या अमेरिकी मालिकेसाठी एक छोटा तुकडा. २०१९ मध्ये तो गेला. मैफिली तर १९८६ नंतर केल्याच नाहीत.

ऐकताना शफल बंद करा. पहिलं गाणं सुरू होण्याआधी पंधरा-वीस सेकंद जवळजवळ काहीच नाही आणि शेवटीही शांतता सोडलेली आहे. ‘वॉटरशेड’मध्ये हेन्री लोथरचा ट्रम्पेट किती मागून येतो ते हेडफोनवर ऐका, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच मिळेल. ‘अ लाइफ (१८९५–१९१५)’ हे मधलं गाणं मात्र सगळं ऐकून झाल्यावर सर्वांत शेवटी पुन्हा ऐका. पहिल्या महायुद्धात विशीत मेलेल्या सैनिकाचं ते गाणं आहे, त्यातल्या क्लॅरिनेट-बसूनच्या गुंफणीला कान तयार असावा लागतो.

तारेवरची:
या पद्धतीची मेख अशी की माइक हलवायचे नाहीत, वाद्यं हलवायची. कुणाचा आवाज किती मोठा हे फेडरवर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्टीवर) ठरत नाही, अंतरावर ठरतं. नंतर मिक्समध्ये तबला कमी करू म्हणालात तर गायिकाही कमी होईल.

तुमच्या खोलीत माइक एका आखूड भिंतीपासून तीन फूट आत, तोंड खोलीकडे. दोन्ही कॅप्सूलमध्ये (माइकच्या आवाज टिपणाऱ्या टोकांमध्ये) १७ सेंटिमीटर आणि ११० अंशांचा कोन. उंची जमिनीपासून चार फूट, किंचित खाली झुकवून. गायिका माइकपासून अडीच-तीन फुटांवर मधोमध, पेटी पाच फुटांवर थोडी डावीकडे, तबला आठ फुटांवर थोडा उजवीकडे. पेटीचा भाता माइककडे करू नका, हवेचा फसफसाट सुरांच्या वर येतो. डग्गा कोपऱ्यात सरकला की घुमतो. मागच्या भिंतीपासून तीन फूट पुढे ठेवा आणि मागे जाड गोधडी टांगा. लादीवर सतरंजी हवीच.

२४ बिटवर रेकॉर्ड करा. सगळ्यांत जोरदार तिहाई वाजवून घ्या, तिचं टोक उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील इतकाच गेन (इंटरफेसवरची आवाज वाढवायची पातळी). पंखा, फ्रिज, ट्यूबलाइटचा चोक, सगळं बंद.

ठेका_चुकला:
वरचं बरोबर आहे, पण ते सगळे एकत्र वाजवणार असतील तर. थर चढवत गेलात, म्हणजे आधी पेटी, मग तबला, मग गाणं, तर दोन भानगडी होतात. दर वेळी खोलीची सळसळही रेकॉर्ड होते. दोन थरांना ती ३ डेसिबलने वाढते, चारांना ६, आठांना ९. मग लोक वाद्य थांबलं की तो ट्रॅक कापतात, आणि कापल्या जागी खोलीच अचानक नाहीशी झाल्यासारखी वाटते. त्यापेक्षा रिकाम्या खोलीचा दोन मिनिटांचा आवाज वेगळा घ्या आणि अखंड खाली ठेवा.

दुसरं, आठ फुटांवरचा तबला तीन फुटांवरच्या गळ्यापेक्षा साधारण साडेचार मिलिसेकंद उशिरा पोचतो. स्क्रीनवर तो मागे दिसला म्हणून ओढून जुळवू नका. ते पाच फुटांचं अंतर त्या उशिरातच आहे. हेडफोन मात्र बंद कपांचेच, नाहीतर त्यातून झिरपलेला ठेका गळ्यासोबत छापला जातो.

खर्जातला:
एकत्रच वाजवणार आहोत. चाचणी घेतली. द्रुत लयीत तबला शब्द खातोय आणि गायिकेला पुढे घेतलं की ‘प’, ‘भ’ला फटका बसतो.

तारेवरची:
गायिकेला तीन फुटांवरच ठेवा, तबला आणखी मागे नेऊ नका. लहान खोलीत मागे नेऊन आवाज फारसा उतरत नाही, नुसता घुमारा वाढतो. तबला-डग्ग्याच्या पुढे, माइकच्या वाटेत, फूटभर उंचीचा पाट उभा करून त्यावर घडी घातलेली चादर टाका. चाटीचा (तबल्याच्या कडेच्या आवाजाचा) टोकदारपणा उतरतो. आणि तबलजीला हलक्या हाताने वाजवायला सांगा. हॉलिसच्या अल्बमवर ड्रम वाजवणारा मार्टिन डिचम किती हळू वाजवतो ते त्याला ऐकवा, समजावण्यात वेळ जाणार नाही. ‘प’साठी माइक सहा इंच वर घ्या आणि थोडे जास्त झुकवा, म्हणजे श्वास खालून निघून जाईल.

मग एकदा मोनोमध्ये (दोन्ही बाजू एकत्र करून), मोबाइलच्या स्पीकरवर तपासा. गळा तिथे पोकळ झाला तर गायिका नेमकी मधोमध बसलेली नाही. मापपट्टी घ्या, दोन्ही कॅप्सूलपासूनचं अंतर सारखं करा.