नेक्सॉन की सफारी? घरात माणसं सहा, पार्किंग एक

सिंहगडरोडकर

घरात आम्ही सहा जण. आई-बाबा (बाबा ७४ वर्षांचे, आईचे दोन्ही गुडघे दुखरे), आम्ही दोघं, मुलगी अकराची आणि मुलगा सहाचा. जुनी हॅचबॅक विकायची आहे. दोन गाड्यांवर येऊन अडलोय: टाटा नेक्सॉन पेट्रोल आणि टाटा सफारी डिझेल, सहा सीटवाली. दोन्हींना भारत एनकॅपचे (गाडी आदळून घेतात त्या सुरक्षा चाचणीचे) पाच तारे आहेत, त्यामुळे तिथे डावं-उजवं करण्यासारखं काही नाही. वाद उरतो तो फक्त आकाराचा.

नेक्सॉन ३,९९५ मिमी लांब आणि १,८०४ रुंद. सफारी ४,६६८ लांब आणि १,९२२ रुंद. म्हणजे लांबीत सव्वादोन फुटांचा फरक आणि रुंदीत अर्धी वीत.

एरवी मी ऑफिसला हिंजवडीला एकटाच जातो. बायको गाडी माझ्याइतकीच चालवते: बाजार, आई-बाबांचे डॉक्टर, मुलांचे क्लास. गाव चिपळूणजवळ. गणपती, शिमगा आणि मे महिना तिकडेच. सहाही जण एकत्र निघायचा प्रसंग तेव्हाच येतो, आणि दर वेळी आई-बाबा आदल्या दिवशी एसटीने पुढे जातात. आता या वयात त्यांना रात्रीच्या एसटीत बसवायला माझं मन घेत नाही. सगळं घर एका गाडीतून गावी जावं, एवढ्या एका कारणासाठी माझा कल सफारीकडे आहे. बायकोचं मत नेमकं उलट. ती म्हणते, वर्षातल्या मोजक्या दिवसांसाठी रोज एवढं धूड कशाला सांभाळायचं?

एर्टिगासारख्या गाड्या सुचवू नका. गावच्या शेवटच्या चढाला त्या खाली घासतात, शेजाऱ्यांचे हाल बघितलेत. बाकी मोकळेपणाने लिहा.

चिपळूणचा

वहिनी बरोबर सांगतायत. कराडहून पाटण, कोयनेवरून कुंभार्ली घाट उतरेपर्यंत सफारी राणीसारखी येईल. खरा प्रश्न त्यानंतरचा, डांबरी रस्ता सोडून वाडीत शिरल्यावरचा.

आमच्याकडे वाडीचा रस्ता म्हणजे आठ-नऊ फुटांची काँक्रीटची पट्टी आणि दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे. समोरून टेम्पो आला की कुणीतरी मागे रिव्हर्स घेत कुणाच्या तरी अंगणापर्यंत जायचं. गणपतीत मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते तेव्हा हे दर पन्नास पावलांवर होतं. साइडपट्टी पावसाने भुसभुशीत झालेली असते, चाक खाली गेलं की बाहेर काढायला ट्रॅक्टर बोलवावा लागतो. तुम्ही लिहिलेली १,९२२ ही रुंदी आरसे सोडून आहे. आरसे उघडे धरले तर दोन्ही बाजूंना गडग्यापासून हातभरसुद्धा जागा राहत नाही. अर्धी वीत कागदावर काहीच वाटत नाही, गडग्यापाशी तेवढ्यानेच पत्रा वाचतो.

आणि चढाचं म्हणाल तर नेक्सॉनचा ग्राउंड क्लिअरन्स (जमीन आणि गाडीचं पोट यांतलं अंतर) २०८ मिमी आहे. कोकणात तेवढा भरपूर झाला.

मागच्या सीटवरून

सगळे रस्त्याचं बोलतायत, माणसं मोजा ना आधी. नेक्सॉन पाच जणांची गाडी आहे. सहावा कुठे बसणार? मांडीवर. आणि मांडीवर येणार ते सहा वर्षांचं पोर.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९४ब आलं. चौदा वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेलं तर हजार रुपये दंड. पण दंड राहू द्या. ताशी पन्नासच्या वेगात गाडी एकदम थांबली तर वीस किलोचं मूल कुठल्याही आईच्या हातात राहत नाही, कितीही घट्ट धरलं तरी. २०२२ मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्रींचा अपघात झाला, तेव्हा मागे बसलेल्या दोघांनी बेल्ट लावला नव्हता. त्यानंतर काही महिने सगळ्यांच्या तोंडी मागच्या सीटचा बेल्ट होता, मग सगळं विसरलं गेलं.

सहा माणसं असतील तर सहा सीट आणि सहा बेल्ट हवेत. नेक्सॉनच घ्यायची तर एक माणूस एसटीने, हे आधी कबूल करा आणि मग घ्या. पाच तारे बेल्ट लावून बसलेल्यांसाठी असतात, मांडीवरच्या पोरासाठी नाहीत.

हिशेबनीस

भावना समजली, आता आकडे बघू. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या गाड्यांना (पेट्रोल १,२०० सीसीपर्यंत, डिझेल १,५०० सीसीपर्यंत) १८ टक्के जीएसटी आहे आणि मोठ्या गाड्यांना ४०. नेक्सॉनचं पेट्रोल इंजिन १,१९९ सीसी, लांबी ३,९९५ मिमी. दोन्ही माप जाणूनबुजून रेषेच्या आत ठेवलेली आहेत. सफारीचं डिझेल १,९५६ सीसी, म्हणजे सरळ ४० टक्क्यांत.

उदाहरणासाठी एक्स-शोरूम बारा लाखांची नेक्सॉन आणि एकोणीस लाखांची सफारी धरा. नेक्सॉनच्या बारात जीएसटी साधारण एक लाख ८३ हजार. सफारीच्या एकोणीसात पाच लाख ४३ हजार. वर महाराष्ट्राचा एकरकमी रोड टॅक्स, तोही जीएसटी धरून झालेल्या किमतीवर. दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के, डिझेलला १४. म्हणजे एक लाख ४४ हजार आणि दोन लाख ६६ हजार. दोन्ही कर मिळून नेक्सॉनवर सव्वातीन लाख, सफारीवर आठ लाख.

विमा सोडून दोन्ही गाड्यांत आठ लाख बावीस हजारांचा फरक पडतो. त्यातले चार लाख ८० हजार नुसता कर आहे, त्यातून ना एक इंच जागा मिळते ना एक सीट. एवढ्या पैशात गणपती-शिमग्याला ड्रायव्हरसकट इनोव्हा कितीतरी वर्षं भाड्याने करता येईल. आई-बाबा आरामात, सामान वर कॅरिअरला, आणि घाटात स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात.

कराडकर

हिशेबनीस, हिशेब चोख आहे, पण भाड्याच्या गाडीचं गणित गणपतीत बसत नाही. एक तर त्या आठवड्यात पिवळ्या पाटीची गाडी मिळायची मारामार. मिळाली तर गावात थांबल्याचे रोजचे पैसे आणि ड्रायव्हरचा भत्ता. सोडून परत पाठवली तर येताना पुन्हा तोच खटाटोप. आणि रात्री बाबांना बरं वाटेनासं झालं, चिपळूणला नाहीतर कराडला हलवायचं झालं, तर दारात स्वतःची गाडी हवी. चौऱ्याहत्तरीच्या माणसाला घेऊन गावी जाताना हे सगळ्यात आधी डोक्यात असायला हवं.

चालवण्याचंही बोलतो. सफारीचं डिझेल १७० पीएस (ताकद) आणि ३५० एनएम (ओढ), नेक्सॉनचं पेट्रोल १२० पीएस आणि १७० एनएम. भरल्या गाडीत एसी चालू ठेवून खंबाटकी चढताना, किंवा कुंभार्लीत ट्रकच्या मागे अडकल्यावर हा फरक पायाला कळतो. मोठं इंजिन दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर निवांत ओढतं, छोट्याला सारखं डिवचावं लागतं. टोलचा बाऊ कुणी करू नये. कार-जीप एकाच वर्गात, खेड शिवापूर असो की आनेवाडी, दोन्ही गाड्यांना सारखाच पडतो. राष्ट्रीय महामार्गाचा वार्षिक पासही दोन्हींना तोच.

गॅरेजवाला

शहरात डिझेल घेणाऱ्याला मी एकच प्रश्न विचारतो: आठवड्यातून एकदा तरी गाडी मोकळी पळणार का? बीएस-६ (आताच्या प्रदूषण नियमांच्या) डिझेलच्या सायलेन्सरला डीपीएफ असतो, धुरातली काजळी अडवणारी जाळी. ही काजळी आतल्या आत जळून साफ व्हायला इंजिन चांगलं तापून गाडी काही वेळ एकसारख्या वेगाने चालावी लागते. क्लासला सोड, भाजी आण, दवाखान्यात जा, अशा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत जाळी जळायला सुरुवात होते आणि मध्येच आपण इंजिन बंद करतो. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो, लोक तो चार दिवस बघत बसतात आणि गाडी जोर कमी करते. खर्च मोठा निघतो.

वहिनींचा वापर अगदी असाच दिसतोय. पेट्रोल नेक्सॉनला ही कटकट नाही. टायरचंही लक्षात ठेवा. नेक्सॉनला १६ इंची, सफारीला मॉडेलप्रमाणे १७ ते १९ इंची. चार टायर एकदम बदलायची वेळ येईल तेव्हा फरक जाणवेल.

कराडकर

सिंहगड रोडवरून हिंजवडी म्हणजे नवले पूल, वारजे, बाणेरवरून बायपासने पंधरा-वीस किलोमीटर. तेवढ्यात जाळी साफ होत नाही का?

गॅरेजवाला

सकाळी सातला निघाले तर होईल. साडेनऊला निघून वाकडला पहिल्या-दुसऱ्या गिअरवर सरकत बसले तर नाही. त्यापेक्षा रविवारी सकाळी साताऱ्याच्या बाजूला एक चक्कर मारा आणि दिवा लागला की इंजिन बंद करू नका. एवढं पाळलं तर डिझेल चांगलं टिकतं, माझा डिझेलवर राग नाही.

कोथरूडची

तुमच्या बायकोच्या बाजूने लिहिते, कारण रोज तीच कामं मी करते. सगळे गाडीच्या आतली जागा मोजतायत, बाहेरची कुणीच मोजत नाहीये. आपल्याकडच्या जुन्या बिल्डिंगमध्ये पार्किंग दोन खांबांच्या मध्ये असतं. गाडी आत बसते, दार उघडत नाही.

गुडघे दुखणारं माणूस गाडीत कसं बसतं ते जवळून बघा. आधी पाठ फिरवून सीटवर टेकायचं, मग एकेक पाय हाताने उचलून आत घ्यायचा. त्याला दार पूर्ण उघडावं लागतं. अर्धवट दारातून माझ्या सासूबाई बसूच शकत नाहीत, आणि उतरताना तर त्याहून कठीण. शिवाय सफारी उंच. पायरी बसवली तरी पाय तेवढा वर उचलावाच लागतो. नेक्सॉनची सीट कमरेच्या जवळपास येते, त्यांना ते सोपं जातं. महिन्यातून कितीदा आईंना दवाखान्यात नेता आणि वर्षातून कितीदा गावी, हे समोर ठेवा.

सिंहगडरोडकर

हे वाचून दोघांनी टेप घेऊन खाली जाऊन खांब मोजले. मध्ये २ मीटर ४५ सेंमी. सफारी लावली तर दोन्ही बाजू मिळून ५३ सेंमी उरतात, नेक्सॉन लावली तर ६५. एका बाजूला खांबाला चिकटवून लावली तरी दोन्हींत आईला दार पूर्ण उघडून मिळत नाही. तिला गेटजवळच बसवावं-उतरवावं लागणार. म्हणून पार्किंग हा नेक्सॉनच्या बाजूचा मुद्दा आता तितका उरला नाही, असं मला वाटतं. उंचीचा मुद्दा मात्र शंभर टक्के पटला. आईला शोरूममध्ये नेऊन दोन्ही गाड्यांत चढ-उतार करायला लावणार.

बायको म्हणते, पार्किंगमध्ये रोज मागे-पुढे करणारी मी, तेव्हा सफारीची टेस्ट ड्राइव्ह ती स्वतः आमच्या पार्किंगपर्यंत घेणार. ते मान्य केलंय.

चिपळूणचा

सहा सीट म्हणताय, पण बसणार कोण कुठे हे ठरवलंत का? पुढे तुम्ही दोघं, मधल्या दोन सीटवर आजी-आजोबा. मग दोन्ही मुलं शेवटच्या रांगेत एकटी. ती रांग मागच्या चाकांवर येते, सगळ्यात जास्त धक्के तिथेच. कुंभार्लीच्या वळणांत पोरं ओकणार आणि त्यांच्यापर्यंत कुणाचा हात पोचणार नाही. पायाखालची जमीन उंच असल्याने मोठ्या माणसाचे गुडघे तिथे छातीपाशी येतात, म्हणून जागा बदलायचीही सोय नाही.

मागच्या सीटवरून

मी वर्षानुवर्षं मुलांबरोबर शेवटच्या रांगेत बसून प्रवास करते, गाडी दुसऱ्या कंपनीची आहे. गुडघे वर येतात हे खरं, दोन तासांनी उतरून पाय मोकळे करावे लागतात. आजोबांना पुढे बसवा, आजी आणि मुलगी मध्ये, आणि आई सहा वर्षांच्या मुलाबरोबर मागे. मधल्या दोन सीट वेगळ्या असल्या की मधून मागे जाता येतं, सीट पाडायची गरज पडत नाही. मुलाला बूस्टर (बेल्ट नीट बसावा म्हणून खाली ठेवायची उंच बैठक) हवाच. पाटणला थांबा, पोटात जड काही न घालता घाट उतरा. सगळे एकत्र जातात, मुलं आजीच्या गोष्टी ऐकत जातात. सहाव्या सीटची मला तरी एवढी किंमत द्यावीशी वाटते.

हिशेबनीस

मुलगी अकराची आहे. सात-आठ वर्षांत कॉलेजसाठी बाहेर पडेल. सहाव्या सीटला माणूस राहील का, हेही बघा. गाडी दहा वर्षांसाठी घेताय.

मागच्या सीटवरून

आजोबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. ही सात-आठ वर्षं त्यांचीही आहेत. ती एसटीत घालवायची का?

सिंहगडरोडकर

या शेवटच्या दोन प्रतिसादांवर आज रात्री घरी बोलणं होणार. तोवर एक विचारतो. सहाही सीट उभ्या ठेवल्या तर सफारीत मागे सामान किती मावतं? गणपतीला मखराचं सामान, फळं, सहा जणांचे कपडे असतात. नेक्सॉनची डिकी ३८२ लिटरची आहे, ती शोरूममध्ये डोळ्यांनी बघितली. सफारीच्या मागच्या सीट मात्र तिथे पाडून ठेवलेल्या होत्या.

कराडकर

विमानात वर ठेवतात तशा दोन छोट्या ट्रॉली बॅगा उभ्या आणि त्यांवर एक-दोन मऊ पिशव्या. त्याहून जास्त नाही. मखर आत येणारच नाही, टपावर कॅरिअर लागेल. घाटात वाऱ्याने उडू नये म्हणून ताडपत्रीवर दोरी आडवी-उभी दोन्ही बांधा. आणि कॅरिअर बसवण्याआधी तुमच्या पार्किंगच्या छताची उंची मोजा. सफारी मुळातच १,७९५ मिमी उंच आहे.