जेफ बेकसारखी गिटार 'गाती' कशी करायची? बार आणि बोटं दोन्हीबाबत मदत हवी

ऐरोली_सहातारा
नमस्कार मंडळी, ऐरोलीत राहतो, कॉलेजपासून गिटार वाजवतोय, जास्त करून बँडमध्ये ऱ्हिदम. सध्या डोक्यात एकच माणूस आहे, इंग्लंडचा गिटारवादक जेफ बेक. ठाणे-वाशी लोकलमध्ये रोज हेडफोनवर त्याचं 2007 चं लंडनच्या रॉनी स्कॉट्स क्लबमधलं रेकॉर्डिंग चालू असतं आणि 1989 च्या गिटार शॉप अल्बममधलं 'व्हेअर वेअर यू' ऐकलं की अक्षरशः काटा येतो. त्यात सूर सुरू कुठे झाला तेच कळत नाही, पिकचा (तार छेडायच्या चकतीचा) टक आवाज नाहीच, नुसता सूर उगवतो, वर चढतो, थरथरतो आणि विरून जातो, आणि हे सगळं हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि बारवर (ब्रिजला लावलेली दांडी, हलवली की सूर वर-खाली होतो), तार दाबायचं काम जवळपास नाहीच!

माझ्याकडे साधी स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) टाइप गिटार आहे. ब्रिज, म्हणजे तारा खाली जिथे अडकवतात तो भाग, बॉडीला टेकलेला, त्यामुळे बार फक्त खाली जातो. पिक सोडून अंगठ्याने वाजवलं तर आवाज बारीक येतो आणि शेजारच्या तारा पण गुणगुणायला लागतात. क्लासचे सर म्हणतात आधी स्पीड वाढव मग बघू, पण मला स्पीड नकोच आहे, मला तो आवाज हवाय. सुरुवात कुठून करू?

घोडबंदर_सेटअप
मित्रा आधी ब्रिज उचल, त्याशिवाय बेकच्या वाटेला जाताच येणार नाही. त्याचा ब्रिज हवेत तरंगता असायचा म्हणून सूर खाली पण जायचा आणि वर पण. मागचं झाकण काढ, पाच स्प्रिंगा असतील तर तीन ठेव, मग ज्या पट्टीला स्प्रिंगा अडकवलेल्या असतात तिचे दोन स्क्रू थोडे थोडे ढिले कर आणि दर वेळी परत ट्यून कर. एक तार लावली की दुसरी उतरते, त्यामुळे सहाही तारांवरून पुन्हा पुन्हा फिरावं लागेल, कंटाळू नकोस. बार पूर्ण वर ओढल्यावर 'जी' (G) तार तीन फ्रेट (एक फ्रेट म्हणजे अर्धा सूर) वर गेली, बी तार दोन आणि पहिली तार एक, की सेटिंग जमलं समज. बार सोडल्यावर ट्यूनिंग परत जागेवर येत नसेल तर बहुतेक वेळा नटमध्ये (मानेच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) तार अडकते, खाचेत पेन्सिलीचं शिसं घास. आणि आपल्याकडची खाडीची दमट हवा तारा लवकर खाते, गंजलेली तार नटमधून सरकतच नाही, तेव्हा वाजवून झालं की फडक्याने पुसायचीच.

एक लक्षात ठेव, तरंगत्या ब्रिजवर एक तार बेंड केली (बोटाने ओढून चढवली) की बाकीच्या उतरतात. डबलस्टॉप बेंड (दोन तारा एकत्र वाजवून एक ओढणं) वाजवताना ते जाणवेल.

पेटीवाली_ठाणे
मी गिटार वाजवत नाही, गाणं शिकते आणि शिकवते, पण माझा भाचा हेच ऐकवत असतो म्हणून लिहिते. हा माणूस मींड घेतो रे, एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जातो! आपल्याकडे गळ्यातून किंवा सतारीवर तार ओढून जे होतं ते तो त्या दांडीने करतोय. 'व्हेअर वेअर यू' त्याला बल्गेरियातल्या बायकांच्या समूहगायनावरून सुचलं होतं, म्हणजे तो पण गळ्याच्याच मागे होता. म्हणून तू पण गळ्यापासून सुरुवात कर.

तानपुरा ॲप पांढरी पाचला लाव, म्हणजे तुमचा जी. भाच्याच्या गिटारवर आम्ही हे करून बघितलंय, जी तारेवर बाराव्या फ्रेटचं हार्मोनिक वाजवलं की तो झाला तुझा सा. आता दांडी खाली दाबून कोमल नी, सोडून परत सा, आणि वर ओढून कोमल ग. नी सा ग, भीमपलासची सुरुवातच मिळाली की नाही एका हार्मोनिकमध्ये! भीमपलासात गंधाराला मध्यमाचा कण (ओझरता स्पर्श) लागतो, तेवढं वर ती तार जाणार नाही, ते सध्या राहू दे. आधी तोंडाने गा, मग दांडीने तेच काढ. ट्यूनरकडे बघू नकोस, तानपुऱ्यात सूर मिसळला की कानाला कळतं.

जुना_श्रोता
ताईंना शंभर टक्के अनुमोदन. त्यात उजव्या हाताचं सांगतो, कारण माझ्या मते बेकचा निम्मा आवाज तिथेच आहे. 80 च्या दशकात त्याने पिक सोडलं, तेव्हा तो 1975 चा ब्लो बाय ब्लो करून जगभर गाजलेला माणूस होता. अशा वेळी हात नव्याने घडवायला घेतला, मला यासाठी तो फार मोठा वाटतो.

आवाज बारीक येतो म्हणून अंगठा जोरात मारू नकोस, अँपचा गेन थोडा वाढव आणि हात हलकाच ठेव. शेजारच्या तारा गुणगुणतात कारण पिक धरताना तळवा त्यांच्यावर आपोआप टेकलेला असतो, अंगठ्याने वाजवताना तो उचलला जातो. तर तळव्याची कड जाड तारांवर टेकव, बारीक तारांना डाव्या हाताच्या बोटाने अलगद झाक. आणि स्ट्रॅटचा व्हॉल्यूम नॉब पहिल्या तारेच्या अगदी शेजारी असतो ना, त्याचा उपयोग कर: नॉब शून्यावर, तार छेड, मग करंगळीने हळूहळू उघड. टक आवाज गेला, सूर उगवला. बार त्याच हातात राहिला पाहिजे, हे एकत्र जमायला वेळ लागतो, सुटं सुटं कर. सरांशी भांडू नकोस, स्पीड वेगळी गोष्ट आणि ही वेगळी.

ऐरोली_सहातारा
सगळ्यांचे मनापासून आभार!! स्प्रिंगा तीन केल्या, ब्रिज उचलला, जी तार बरोबर तीन फ्रेट वर जातेय. ताई, नी सा ग आलं हो, बिल्डिंगमध्ये शांतता होती तेव्हा हेडफोन न लावता हळू आवाजात वाजवलं आणि आई स्वयंपाकघरातून विचारत आली की हे काय लावलंयस म्हणून. कोमल ग चांगला लागतोय पण नी ला खाली जाताना हात थांबत नाही, सूर नीच्या पण खाली घसरतो. आणि खाली दाबून सोडलं की जी तार किंचित चढीच राहते, बाकीच्या बरोबर येतात.

पेटीवाली_ठाणे
नी ला थेट जाऊ नकोस. आधी दांडी दाबलेलीच ठेवून नी वर हार्मोनिक छेड आणि तिथून सा ला ये. खालून वर येताना सूर सापडायला सोपं जातं, ते बसलं की मग उलट कर.

घोडबंदर_सेटअप
एकच तार चढी राहतेय म्हणजे जी ची खाच अरुंद आहे, शिशाने भागणार नाही, बारीक कानस लागेल. स्वतः घासू नकोस, जास्त खोल गेली तर नट बदलावा लागतो. रविवारी दुपारी गिटार घेऊन कापूरबावडीला ये, करून देतो, येताना नव्या तारांचा सेट आण.