आयर्लंडात लोणी 'चोरायचे' म्हणजे नेमकं काय?

रवीदोर: आयर्लंडच्या लोकसमजुतींत १ मेच्या पहाटे कुणी शेजाऱ्याच्या कुरणातल्या दवावरून फडकं ओढलं, की त्या घरचं लोणी गेलं. मग कितीही घुसळा, नुसता फेस. आपल्याकडे वैशाखात लोणी जमलं नाही की दृष्ट लागली म्हणतात, त्यातलंच का हे? आणि मे महिनाच काहून?

गोठाघर: १ मे म्हणजे त्यांचा बेल्टेन, उन्हाळ्याचा पहिला दिवस. जनावरं कोवळ्या गवतावर जातात, दूध वाढतं, वर्षाच्या लोण्याचा हंगाम सुरू होतो. लोणी विकूनच जमिनीचा खंड भरायचा, म्हणून धास्ती मोठी. त्या दिवशी घरातून विस्तव, दूध, मीठ बाहेर देत नसत. आपण दिवेलागणीला दही देत नाही, तसं. घुसळताना कुणी आलं तर त्यानं चार हात घुसळल्याशिवाय जायचं नाही. लोणी नाहीच आलं तर घुसळायच्या पिंपाखाली निखारा ठेवत, नाहीतर नांगराचं लोखंड चुलीत लाल करत, म्हणजे चोरणारीला चटका बसून ती दारात येईल. वाईट हे, की संशय बहुतेकदा शेजारच्या म्हाताऱ्या बाईवरच जायचा.

ताकमेढी: तो निखारा मला महत्त्वाचा वाटतो. साय साधारण १४ ते १६ अंशांवर घुसळली की लोणी धरते. त्यांच्या थंडीत साय याहून गार पडली तर स्निग्धांश कडक राहतो, कण एकमेकांना चिकटत नाहीत, फेसच चढतो. निखाऱ्यानं पिंप कोमट झालं की लोणी यायचं आणि श्रेय मंत्राला जायचं. शिवाय आटत आलेल्या गाईच्या दुधातले स्निग्ध कण बारीक, ते उशिरा जमतात. पिंप गच्च भरलं तरी तेच, हलायला जागा हवी.

रवीदोर, आपलं दुखणं उलटं. वैशाखात दही तिशीपार जातं, लोणी मऊ पडून ताकातच राहतं. डेरा रात्री ओल्या गोणपाटात गुंडाळून रेतीवर ठेवा, अर्ध्याहून जास्त भरू नका, उजाडायच्या आत घुसळा. रवीला मोहरीएवढी कणी दिसली की पाच लिटर दह्याला लिटरभर रांजणाचं गार पाणी, धारेनं. हिवाळ्यात गारऐवजी कोमट.

रवीदोर: डेरा मातीचाच हवा का?

ताकमेढी: हो ताई, पाझरतो म्हणून गार राहतो. पण तुपकट झाला की पाझर बुजतो. कढत पाण्यानं धुऊन दोन दिवस उन्हात पालथा घाला.